इन्व्हेस्टमेंट बँकेतील ईमेल पत्ता : रचना, खातरजमा आणि पहिला मेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक तरुणी सीएची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली आहे आणि तिला मुंबईतील एखाद्या इन्व्हेस्टमेंट बँकेच्या इक्विटी कॅपिटल मार्केट्स विभागात, म्हणजे कंपन्यांना शेअर विकून भांडवल उभारून देणाऱ्या विभागात, काम करायचे आहे. या क्षेत्रात ओळखीचे कोणी नसल्यामुळे अनुभवी लोकांना ईमेल लिहून मार्गदर्शन मागावे, असे तिने ठरवले. एका बँकेतील व्हाइस प्रेसिडेंट पदावरच्या बाईंचा पत्ता अंदाजाने तयार करून तिने एकाच संध्याकाळी पाच वेगवेगळ्या रूपांत मेल पाठवले. तीन मेल लगेच परत आले आणि उरलेले दोन थोड्या वेळाने वेगळ्याच संदेशासह परत आले. बँकांच्या पत्त्यांची रचना नेमकी कशी ओळखावी आणि आता पुढे काय करावे, असे तिने विचारले आहे.

मी मुंबईत अठरा वर्षे मर्चंट बँकिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांचे शेअर बाजारात आणून देण्याच्या व्यवसायात, काम केले आणि त्या काळात असे शेकडो मेल मला आले. त्यामुळे हे उत्तर मेल वाचणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहे.

पत्त्याची रचना हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. बहुतेक मोठ्या बँकांमध्ये पहिले नाव, मग टिंब, मग आडनाव, त्यानंतर ॲटचे चिन्ह आणि बँकेचे डोमेन (ॲटच्या उजवीकडचा भाग) अशीच मांडणी असते. गोल्डमन सॅक्सचे डोमेन जीएस डॉट कॉम आहे, डॉइश बँकेचे डीबी डॉट कॉम आणि बँक ऑफ अमेरिकेचे बीओएफए डॉट कॉम. सिटी, यूबीएस आणि मॉर्गन स्टॅन्ली यांची डोमेन त्यांच्या नावांचीच आहेत. जेपी मॉर्गनमध्ये पुष्कळ लोकांच्या पत्त्यात पहिले नाव आणि आडनाव यांच्यामध्ये मधल्या नावाचे आद्याक्षरही असते, आणि तेथे अंदाज चुकण्याचे ते एक मोठे कारण आहे. अक्षरे लहान लिपीत लिहिली की मोठ्या, याने व्यवहारात काही बिघडत नाही. एवढी माहिती अर्ध्या तासात कोणालाही मिळते. अडचण येते ती दोन ठिकाणी : डोमेन जुने झालेले असते, किंवा नावाचे स्पेलिंग आपल्याला वाटते ते नसते.

आधी डोमेनविषयी. या व्यवसायात विलीनीकरणे सतत होत असतात आणि प्रत्येक विलीनीकरणानंतर पत्ते बदलतात. बँक ऑफ अमेरिकेने मेरिल लिंच विकत घेण्याचा व्यवहार १ जानेवारी २००९ रोजी पूर्ण झाला. मेरिलचे एमएल डॉट कॉम मागे पडले, बीएएमएल डॉट कॉम आले आणि पुढे तेही जाऊन बीओएफए डॉट कॉम आले. क्रेडिट स्वीस २०२३ च्या जूनमध्ये यूबीएसकडे गेली. कोटक आणि गोल्डमन सॅक्स यांची भारतातील भागीदारी २००६ मध्ये संपली, तर जेएम आणि मॉर्गन स्टॅन्ली यांची २००७ मध्ये. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत दिसणारे पत्ते वाचून आज कोणाला लिहू नये. पत्ता शोधून देणाऱ्या हंटरसारख्या सेवाही जेथे सापडेल तेथून पत्ते गोळा करतात, आणि त्यात जुने पत्ते मिसळलेले असतात. त्यांनी दाखवलेली रचना हा एक संकेत समजावा, पुरावा समजू नये.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. एकाच समूहातील बँक आणि मर्चंट बँकर या अनेकदा स्वतंत्र कंपन्या असतात आणि त्यांची डोमेनही वेगळी असतात. स्टेट बँकेचे डोमेन वर्षानुवर्षे एसबीआय डॉट सीओ डॉट इन होते, पण आयपीओचे, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकण्याचे, काम करणारी एसबीआय कॅपिटल मार्केट्स एसबीआयकॅप्स डॉट कॉम वापरते. ॲक्सिस बँक आणि ॲक्सिस कॅपिटल यांचेही तसेच आहे. बँकेच्या शाखेतील ओळखीच्या माणसाचे कार्ड पाहून त्याच रचनेवर मर्चंट बँकरचा पत्ता तयार केला, तर मेल परत येणारच.

मग खात्रीची माहिती कोठे मिळते? जेथे बँकेने स्वतःच ती छापली आहे, तेथे. भारतात यासाठी डीआरएचपीसारखे दुसरे साधन नाही, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर सांगते. आयपीओ आणू पाहणारी कंपनी आपल्या प्रस्तावाचा मसुदा सेबी या बाजार नियामकाकडे दाखल करते, त्याला बाजारात सगळे डीआरएचपी (ड्राफ्ट रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस) म्हणतात. तो सेबीच्या, शेअर बाजारांच्या आणि संबंधित मर्चंट बँकरांच्या संकेतस्थळांवर बहुधा कोणालाही विनामूल्य वाचता येतो. त्याच्या सुरुवातीच्या पानांवरच लीड मॅनेजर, म्हणजे तो आयपीओ हाताळणाऱ्या, बँकांचा तक्ता असतो आणि त्यात बँकेचे नाव, कॉन्टॅक्ट पर्सन, दूरध्वनी आणि ईमेल दिलेला असतो. पुढे ‘जनरल इन्फर्मेशन’ या प्रकरणात हीच माहिती अधिक तपशिलात येते : कार्यालयाचा पूर्ण पत्ता, गुंतवणूकदारांच्या तक्रारींसाठीचा वेगळा ईमेल, संकेतस्थळ आणि आयएनएम या अक्षरांनी सुरू होणारा सेबीचा नोंदणी क्रमांक.

आता ही नोंद बारकाईने वाचा. तेथील ईमेल बहुधा कोणा एका व्यक्तीचा नसतो. कंपनीचे नाव, टिंब आणि आयपीओ अशा धर्तीचा, त्या इश्यूपुरता (त्या शेअरविक्रीपुरता) उघडलेला तो सामाईक मेलबॉक्स असतो. त्यावर नोकरीविषयी कधीही लिहू नका, कारण तो संपूर्ण टीम पाहते आणि इश्यूच्या काळात त्यावर कामाच्या मेलांचा पूर आलेला असतो. तुमच्या उपयोगाची गोष्ट ॲटच्या उजवीकडे आहे : मर्चंट बँकर आज कोणते डोमेन वापरतो, हे तेथे निःसंशय कळते. दुसरी उपयोगाची गोष्ट म्हणजे कॉन्टॅक्ट पर्सनची नावे. ही नावे सहसा मॅनेजिंग डायरेक्टरांची नसतात. रात्री उशिरापर्यंत बसून मसुदा वाचणाऱ्या, वकिलांशी आणि लेखापरीक्षकांशी रोज बोलणाऱ्या असोसिएट किंवा व्हाइस प्रेसिडेंट मंडळींची ती असतात. तुमच्या मेलला उत्तर देण्याची शक्यता असलेले लोक हेच आहेत, आणि त्यांचे नाव कार्यालयात ज्या स्पेलिंगने चालते तेच तेथे छापलेले असते.

याच प्रकरणात, लीड मॅनेजर एकाहून अधिक असतील तर, कामाच्या वाटणीचा एक तक्ता असतो. कंपनीच्या व्यवसायाची छाननी आणि मसुदा तयार करणे, रोड शोचे (गुंतवणूकदारांच्या भेटींचे) सादरीकरण, परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांकडील विपणन, देशी संस्था, किरकोळ गुंतवणूकदार, इश्यूनंतरची कामे, अशा प्रत्येक कामापुढे समन्वय कोणत्या बँकेकडे आहे ते लिहिलेले असते. विद्यार्थी हा तक्ता वाचत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. पत्त्याची खातरजमा आणि मेलमध्ये लिहिण्यासारखा मजकूर या दोन्ही गोष्टी त्या काही पानांत एकत्र मिळतात. ‘आपल्या बँकेने अमुक इश्यूमध्ये देशी संस्थांकडील विपणनाचा समन्वय केला. या कामात असोसिएटच्या वाट्याला नेमके काय येते?’ असा प्रश्न ज्या मेलमध्ये असेल, तो मी स्वतः कधी बाजूला टाकला नाही.

डीआरएचपीखेरीज सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत मर्चंट बँकरांची यादीही आहे आणि तीत संस्थेचा पत्ता, ईमेल आणि कॉन्टॅक्ट पर्सन दिलेले असतात. कंपनी ताब्यात घेताना इतर भागधारकांना दिल्या जाणाऱ्या खुल्या देकाराच्या (ओपन ऑफरच्या) कागदपत्रांतही व्यवस्थापक मर्चंट बँकरची अशीच नोंद असते. ब्रोकरेजच्या संशोधन अहवालांवर विश्लेषकांचे वैयक्तिक ईमेल छापलेले असतात, त्यामुळे ॲटच्या डावीकडची रचना कशी आहे हे तेथून कळते. मात्र संशोधन विभाग आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग विभाग यांच्यात नियमाने भिंत असते, म्हणून विश्लेषकाकडे एखाद्या डीलची चौकशी करू नये. रचना पाहावी आणि थांबावे. अमेरिकेतील कोणाला लिहायचे असेल, तर फिनरा या तेथील दलालांच्या नियामक संस्थेच्या ब्रोकरचेक या विनामूल्य नोंदवहीत नोंदणीकृत व्यक्तीचे मधल्या नावासह नाव आणि सध्याची संस्था दिसते. मधल्या आद्याक्षराचा प्रश्न तेथे सुटू शकतो.

आता नावाविषयी. आपल्या मराठी नावांचे रोमन लिपीतील स्पेलिंग हा अंदाज चुकण्याचा सर्वांत मोठा उगम आहे, आणि परदेशी सल्ले वाचून तो कळत नाही. अभिजितमधल्या ‘जित’मध्ये एक आय आहे की दोन ई, श्रद्धामध्ये डी एक आहे की दोन, ज्ञानेश डी-एन-वायने सुरू होतो की जी-वायने, हे माणसागणिक बदलते. नाव शाळेच्या दाखल्यावर जसे पडले तसे पॅनकार्डावर जाते, आणि पॅनकार्डावरचे नाव बँकेच्या मनुष्यबळ विभागाकडे. लिंक्डइनवर मात्र माणूस स्वतःला आवडेल तसे लिहितो. काही जण तेथे फक्त घरचे किंवा मित्रांमधले नाव देतात. दाखल्यावरच्या तिहेरी नावातले वडिलांचे किंवा पतीचे नाव काही वेळा मधले आद्याक्षर होऊन पत्त्यात येते, काही वेळा येतच नाही. दाक्षिणात्य सहकाऱ्यांच्या बाबतीत आडनावाच्या जागी एखादेच अक्षर असू शकते.

स्त्रियांच्या नावांविषयी विशेष काळजी घ्यावी लागते. लग्नानंतर लिंक्डइनवर दोन्ही आडनावे लिहिणाऱ्या माझ्या अनेक सहकारी आहेत, पण त्यांचे कार्यालयीन पत्ते नोकरीला लागल्या दिवसाच्या नावाचेच आहेत. पत्ता बदलायचा म्हणजे क्लायंट, वकील, रजिस्ट्रार अशा सर्वांना कळवावे लागते आणि चालू डीलच्या मधे ते कोणी करत नाही.

त्यातून एकाच नावाची अनेक माणसे. जोशी, कुलकर्णी, पाटील, देशपांडे ही आडनावे आणि पाच-पंचवीस लोकप्रिय नावे यांचा मेळ घातला, तर एका मोठ्या बँकेत एकाच नावाचे चार कर्मचारी सहज निघतात. डॉइश बँक, बार्कलेज, यूबीएस यांची तंत्रज्ञान आणि कामकाज केंद्रे पुण्यात आहेत, आणि बँकिंग विभागाचे व या केंद्रांचे डोमेन बहुधा एकच असते. जो आधी नोकरीला लागला त्याला साधा पत्ता मिळतो, नंतरच्याच्या नावापुढे अंक लागतो किंवा मधले आद्याक्षर येते. मी एका परदेशी बँकेच्या मुंबई कार्यालयात होते तेव्हा माझ्याच नावाची आणि आडनावाची एक अभियंता पुण्यात काम करत होती. साधा पत्ता तिच्याकडे होता, माझ्या पत्त्यात २ हा अंक होता. माझ्यासाठी लिहिलेले विद्यार्थ्यांचे मेल दोन वर्षे तिच्याकडे जात राहिले. ती बिचारी जमेल तसे ते माझ्याकडे पाठवत असे, पण काही मेल माझ्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्या मुलांना वाटले असेल की मी उत्तर दिले नाही. म्हणून मेल परत आला नाही याचा अर्थ तो योग्य व्यक्तीला मिळाला असा होत नाही. मेलच्या पहिल्या ओळीत त्या व्यक्तीच्या विभागाचा किंवा डीलचा उल्लेख करावा, म्हणजे चुकीच्या हाती पडला तरी पुढे कोणाकडे पाठवायचा हे वाचणाऱ्याला कळते.

डोमेनच चुकले, तर मेल बँकेबाहेरच्या माणसाकडेही जातो. २०१४ च्या जूनमध्ये गोल्डमन सॅक्सच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने गोपनीय अहवाल जीएस डॉट कॉमऐवजी त्याच नावाच्या जीमेल पत्त्यावर पाठवला आणि बँकेला न्यूयॉर्कच्या न्यायालयात जावे लागले. तुमच्या मेलमध्ये गोपनीय काही नसले, तरी रेझ्युमेवर तुमचा पत्ता आणि फोन असतो, हे ध्यानात ठेवा.

आता परत आलेल्या मेलविषयी. परतीच्या संदेशात एक तिहेरी क्रमांक असतो, तो वाचायला शिका. ५.१.१ म्हणजे त्या नावाचा मेलबॉक्स नाही : डोमेन बरोबर आहे, नावाचा भाग चुकला. ५.७ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे धोरणानुसार किंवा सुरक्षेच्या कारणाने नकार : पत्ता बरोबर असेल किंवा नसेल, पण तुमचा मेल आत घेतलेला नाही. चारने सुरू होणारा क्रमांक तात्पुरत्या अडचणीचा असतो आणि मेल पाठवणारी यंत्रणा स्वतःच काही काळ पुन्हा प्रयत्न करते. काही बँकांचे सर्व्हर कोणत्याही नावाचा मेल आधी स्वीकारतात आणि आत गेल्यावर गाळतात, त्यामुळे पत्ता तपासून देणाऱ्या साधनांना तेथे काहीच कळत नाही.

एकाच व्यक्तीच्या नावाची अनेक रूपे करून एकाच डोमेनवर पाठोपाठ मेल पाठवणे हा प्रकार बँकेच्या सुरक्षा यंत्रणेला पत्ते चोरण्याच्या हल्ल्यासारखा दिसतो, कारण हल्लेखोर नेमके तेच करतात. याहून वाईट म्हणजे सगळी रूपे एकाच मेलच्या ‘टू’ रकान्यात भरणे. मला एकदा असा मेल आला होता. वर माझ्या नावाची नऊ रूपे ओळीने मांडलेली होती, काहींत आडनाव आधी, काहींत अधोरेखा, एकात नुसते आद्याक्षर. खालचा मजकूर चांगला होता, मुलगा हुशार असावा, पण आपण कोणाच्या तरी प्रयोगाचा विषय झालो आहोत ही जाणीव मजकुरापर्यंत पोहोचूच देत नाही. एक पत्ता, एक मेल, आणि परत आला तर किमान आठवडाभराने विचारपूर्वक दुसरा प्रयत्न, यापलीकडे जाऊ नये. व्यक्तीचा खासगी ईमेल किंवा फोन क्रमांक शोधून काढणे, फुटलेल्या माहितीच्या याद्या वापरणे, हे तर मुळीच करू नये.

व्हॉट्सॲपवर लिहिण्याचा मोहही टाळा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये जेपी मॉर्गनला कर्मचाऱ्यांच्या अशा खासगी संदेशांची नोंद न ठेवल्याबद्दल अमेरिकी नियामकांनी एकूण २० कोटी डॉलरचा दंड केला आणि पुढच्या वर्षी इतर अनेक संस्थांवरही कारवाई झाली. तेव्हापासून कामाशी संबंधित संदेश खासगी फोनवर आला की बँकर अस्वस्थ होतो. कार्यालयीन मेल जपून ठेवला जातो आणि तपासलाही जाऊ शकतो, म्हणून त्यात कोणत्याही चालू डीलच्या आतल्या माहितीची विचारणा नसावी. शिफारशीची मागणीही पहिल्याच मेलमध्ये करू नये. चिनी अधिकाऱ्यांच्या मुलांना आणि नातलगांना नोकऱ्या दिल्याच्या प्रकरणात जेपी मॉर्गनने २०१६ मध्ये सुमारे २६.४ कोटी डॉलर भरून तडजोड केली. ओळखीतून आलेला रेझ्युमे मनुष्यबळ विभागाच्या रीतसर मार्गानेच पुढे जावा, याबाबत बँका फार दक्ष असतात.

मजकूर सात-आठ ओळींचा पुरतो. ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ अशी सुरुवात दिसली की हा मेल शंभर जणांना गेला आहे असे वाचणारा समजतो. परदेशी बँकेत पहिल्या नावाने संबोधणे रूढ आहे, देशी संस्थांत मिस्टर किंवा मिस लावून आडनाव लिहिणे सुरक्षित ठरते. मग तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या कामाविषयी काय वाचले, आणि पंधरा मिनिटांच्या फोनसाठी कोणता एक प्रश्न आहे, एवढे लिहावे. रेझ्युमे क्लाउडवरील दुव्याने देऊ नये, कारण बँकेच्या संगणकावर असे दुवे बहुधा उघडत नाहीत. लहान आकाराची एक पीडीएफ पुरे. सप्टेंबर आणि डिसेंबरचे शेवटचे आठवडे टाळा. डीआरएचपीतील आर्थिक आकडे सहा महिन्यांहून जुने चालत नाहीत, त्यामुळे मार्चअखेरच्या आकड्यांवर सप्टेंबरअखेरपर्यंत आणि जूनअखेरच्या आकड्यांवर डिसेंबरअखेरपर्यंत मसुदे दाखल करण्याची धावपळ असते. त्या दिवसांत मी घरच्यांचे मेलही उघडत नसे.

आता तुमच्यापुरते. पहिल्या तीन मेलांवर ५.१.१ आणि नंतरच्या दोहोंवर ५.७.१ आला, असे तुम्ही कळवले आहे. याचा अर्थ मला असा दिसतो की तीन रूपे निश्चित चुकीची होती आणि त्यानंतर यंत्रणेने तुम्हालाच अडवले. त्यामुळे शेवटच्या दोन रूपांपैकी एखादे बरोबर असण्याची शक्यता शिल्लक आहे. नवीन जीमेल खाते उघडून लगेच पुन्हा लिहू नका, दोन आठवडे जाऊ द्या. दरम्यान त्या बँकेने गेल्या वर्षा-दोन वर्षांत दाखल केलेले डीआरएचपी काढून कॉन्टॅक्ट पर्सनमध्ये त्या बाईंचे नाव शोधा. लिंक्डइनवर त्यांची दोन आडनावे आहेत, म्हणून डीआरएचपीत जे एकच आडनाव छापलेले सापडेल तेच धरा. नाव सापडले नाही, तर लिंक्डइनवरच चार ओळींचा संदेश पाठवा.

आणखी एक रस्ता तुमच्या हाताशी आहे. तुमची आर्टिकलशिप ज्या फर्ममध्ये झाली तेथे आयपीओच्या कंपन्यांचे लेखापरीक्षण होते, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे त्या फर्मने लीड मॅनेजरांना कम्फर्ट लेटर (मसुद्यातील आकड्यांविषयी लेखापरीक्षकांनी दिलेले पत्र) दिलेले असणार आणि प्रत्येक डीलची वर्किंग ग्रुप लिस्ट फर्मकडे असणार, जिच्यात बँकर, वकील, लेखापरीक्षक या सर्वांची नावे आणि ईमेल असतात. ती यादी डीलपुरती आहे, तिच्यातून पत्ते उचलून नोकरीसाठी लिहू नका. पण ज्या पार्टनरच्या हाताखाली तुम्ही काम केले, त्यांना भेटून सांगा की मला या बाजूला जायचे आहे, आणि त्या इश्यूमधल्या एखाद्या असोसिएटला आपण दोन ओळी लिहाल का, एवढे विचारा. जाताना त्या इश्यूच्या डीआरएचपीतील कामाच्या वाटणीचा तक्ता वाचून जा, कारण ‘नेमके कोणाला लिहू?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असेल.